ओ न दिलेली हाक

तुआसच्या ज्या जहाजदुरुस्तीच्या यार्डात मी सुरक्षेचं काम पाहतो, तिथे अपघात होता होता टळला तरी त्याची नोंद करावी लागते. त्यासाठी वेगळा फॉर्म आहे. न घाबरता लिहा, शिक्षा कोणालाही होणार नाही, असं मी कामगारांना दर सोमवारी सांगतो. गेल्या एप्रिलमध्ये माझ्या हातून जे होता होता टळलं, ते मी कोणत्याही फॉर्मवर लिहिलं नाही. पुढचे एकोणीस दिवस ते कोणाला सांगितलंही नाही.

इथे, परदेशात, आमचा आठ-दहा मराठी माणसांचा एक गट आहे. रविवारी सकाळी आम्ही पक्ष्यांचे फोटो काढायला जातो आणि आपसात त्याला शिकार म्हणतो. अंगावर झाडोऱ्यात मिसळून जाणारे कपडे, लेन्सवर जाळी, तासन्‌तास मुकाट बसणं, सगळं शिकाऱ्यासारखंच. बंदूक तेवढी नसते. मार्च-एप्रिलमध्ये निळ्या पंखांचा नवरंग उत्तरेकडे परतताना या बेटावर थोडा काळ उतरतो. तो पाचोळ्यात वावरतो, सहसा दिसत नाही. पण त्याचीच शीळ स्पीकरवर वाजवली, तर आपल्या जागेत दुसरा कोणी शिरला असं समजून तो उघड्यावर येतो. आमच्या गटात हे वर्ज्य आहे. समुद्र ओलांडून दमलेल्या जिवाला असं फसवायचं नाही, हा नियम माझ्या मित्राने घालून दिला आणि एका गणेशोत्सवात, आरती झाल्यावर, हातात प्रसाद असताना सगळ्यांकडून वदवून घेतला. माझ्याकडूनही.

हा मित्र माझ्याहून सहा वर्षांनी मोठा, बँकेतून निवृत्त झालेला, बेडोकला राहणारा. इतक्या वर्षांत त्याला नवरंग दिसला नव्हता, ऐकूही आला नव्हता.

बुकित पंजांगच्या इमारतींच्या मागे सरकारी जमिनीवर रानाचा एक तुकडा उरला आहे. त्यातून पावसाच्या पाण्याचा सिमेंटचा नाला जातो. तो माणसाच्या उंचीहून खोल आहे आणि दोन्ही काठांवर नेच्यांचं इतकं दाट रान माजलं आहे, की काठ कुठे संपतो ते कळत नाही. त्या रविवारी आम्ही दोघेच होतो. त्याने पलीकडचा काठ घेतला, मी अलीकडचा.

“दिसला तर मेसेज कर,” तो म्हणाला. “एकट्याने गिळू नकोस.”

“आणि तुला दिसला तर?”

“मी ओरडणार. मला कुठे गप्प बसता येतं? तुझं बरं आहे लेका, तुला बोलायचेच पैसे पडतात.”

तो वळणाआड गेल्यावर मी नाल्यावरच्या फरशीवरून पलीकडे गेलो, अगदी काठाच्या नेच्यांत तळहाताएवढा स्पीकर ठेवला, शीळ सुरू केली आणि परत अलीकडे येऊन एका पडलेल्या झाडामागे बसलो. स्पीकर ठेवताना माझा पाय काठावरून अर्धा खाली गेला होता. म्हणजे तिथे काय आहे हे मला ठाऊक होतं. स्पीकर का आणला होता, या प्रश्नाचं उत्तर मी नंतर पुष्कळ शोधलं. मला तो फोटो हवा होता. याहून बरं कारण सापडलं नाही.

पंधरा-वीस मिनिटं झाली असतील. पश्चिमेकडून आभाळ काळवंडून येत होतं. एवढ्यात समोरचा पाचोळा वाजला. श्वास रोखून मी कॅमेरा डोळ्याला लावला, आणि लेन्समध्ये मला माझा मित्र दिसला.

तो वाकून, एकेक पाऊल जपून टाकत शिळेच्या रोखाने येत होता. ती शीळ खरी नसेल, अशी शंका त्याला येण्याचं कारणच नव्हतं. रानात माझ्याखेरीज कोणी नव्हतं आणि मी तर शब्द दिलेला होता. साठीच्या माणसाच्या तोंडावर इतका निखळ आनंद मी क्वचितच पाहिला आहे. तो थांबला आणि दबक्या आवाजात म्हणाला, “अरे, आहेस का इथे? ऐकतोयस ना?”

मी त्याच्यासमोर बारा पावलांवर होतो. त्याला दिसत नव्हतो.

ओ दिली असती तर तो माझ्याकडे आला असता, स्पीकर उघडकीला आला असता. गप्प राहिलो तर तो जरा शोधेल आणि निघून जाईल, असा हिशेब माझ्या डोक्यात झाला. तो होताना मला काठ आठवत होता. आठवत नव्हता असं म्हणण्याची सोय मला नाही.

“अरे बाबा, ओ तरी दे,” तो पुन्हा म्हणाला.

मी ओ दिली नाही. त्याने दोन पावलं पुढे टाकली आणि नेच्यांत नाहीसा झाला. त्याची किंकाळी ऐकू आली नाही. सिमेंटवर कॅमेरा आपटल्याचा आवाज मात्र आला.

मग मी ओरडलो. आता ओरडण्याचा कोणाला काय उपयोग होता! काठाशी पालथा पडून पाहिलं, तर तो एका कुशीवर होता, उजवा पाय नको तसा वळलेला. त्याच क्षणी वारा सुटला आणि पाऊस कोसळला. इथला पाऊस पाच मिनिटांत नाले भरतो, हे मी यार्डात नवीन आलेल्यांना चित्रं दाखवून शिकवतो. खाली उतरायला लोखंडी पायऱ्या कुठे आहेत ते दिसेना. एकीकडे धावलो, नव्हत्या. उलटा धावलो. धावताना मदतीसाठी फोन लावला. पलीकडची मुलगी शांतपणे इमारतीचा ब्लॉक नंबर विचारत होती आणि मी “जंगल, जंगल” एवढंच म्हणत होतो. फोनवरून ठिकाण पाठवायचं तिनेच समजावलं. ओल्या बोटांना ते तीनदा जमलं नाही. पायऱ्या सापडल्या तेव्हा तो कसाबसा उठून बसला होता आणि पाणी त्याच्या कमरेला लागलं होतं.

खाली उतरून मी त्याच्यामागे बसलो, भिंतीला पाठ टेकली, त्याच्या काखेत हात घातले आणि त्याला माझ्या छातीवर ओढून घेतलं. तो वेदनेने ओरडला. त्यानंतरचा वेळ किती होता ते मला सांगता येणार नाही. पाणी पोटावर आलं, छातीवर आलं. तळव्यांखालचं शेवाळं निसटत होतं. हात सुटला तर तो वाहत जाईल, एवढी एकच गोष्ट माझ्या मनात होती. देवाचं नावसुद्धा सुचलं नाही. आणि डोक्यावर, नेच्यांत, त्या धो धो पावसात, स्पीकर वाजतच होता. दोन दोन सुरांची तीच शीळ, न थकता, पुन्हा पुन्हा.

मित्राने डोळे मिटले होते. त्याचे ओठ निळे पडले होते. “ऐक,” तो म्हणाला, “अजून बोलतोय बघ. पावसातसुद्धा.”

“बोलू नकोस,” मी म्हणालो.

“तुला दिसला का रे?”

“नाही.”

“मला ऐकू आला. पुरे झालं.”

पाणी त्याच्या गळ्याशी असताना मदतीची माणसं पोहोचली. त्याला पट्ट्यांनी बांधून वर घेतलं, मग मला. वर एक तरुण जवान हातात माझा स्पीकर धरून उभा होता. “अंकल, धिस वन युअर्स, आह?” त्याने विचारलं. “नॉट माइन,” मी म्हणालो. मित्राला तोवर पुढे नेलं होतं. तरी मी हळूच म्हणालो.

त्याच्या खुब्याचं ऑपरेशन झालं. हॉस्पिटलात जो येईल त्याला तो सांगे, “हाड मोडलं ते मोडलं, पण नवरंगाने मला बोलावून घेतलं.” ग्रुपवर अभिनंदनं झाली. त्याची बायको मला पाहून दर वेळी उठून उभी राहायची. “तुम्ही होतात म्हणून हो,” एवढंच म्हणायची. मी खाली पाहायचो, आणि त्याला सगळे विनय समजायचे. त्या दिवसांत मला झोप लागत नव्हती असं नाही. लागायची, आणि सकाळी त्याचीच शरम वाटायची.

एकोणिसाव्या दिवशी मी बेडोकला त्यांच्या घरी गेलो. तो खिडकीशी खुर्चीत होता, वॉकर शेजारी. वहिनी स्वयंपाकघरात होत्या.

“ये ये, शिकारी,” तो म्हणाला. “हात पुढे कर. या हातांचा फोटो काढून ठेवायला हवा.”

“तो नवरंग नव्हता,” मी म्हणालो. “मी स्पीकर लावला होता.”

तो हसला. थट्टा समजला असावा. मग माझ्याकडे पाहून हसायचा थांबला. “काठावर?”

“हो.”

“आणि तू कुठे होतास?”

“समोर. झाडामागे.”

तो खाली चौकातल्या माणसांकडे पाहू लागला. मी क्षमा मागायला तोंड उघडलं, तर त्याने बोट वर केलं.

“मी हाक मारली तेव्हा तुला ऐकू आली होती?”

“आली होती.”

“दोन्ही वेळा?”

“दोन्ही वेळा.”

त्याने मान हलवली. रागावला असता तर मला उभं राहायला काही आधार मिळाला असता. तेवढ्यात वहिनी बाहेर आल्या. “बसा हो, उभे काय? आलं घालून चहा टाकते. तुमच्यासाठी शिराही केलाय.”

“त्याला चहा नको,” मित्र खिडकीबाहेर पाहतच म्हणाला. “त्याला जायचंय.”

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. मी दारापाशी वाकून बूट घालू लागलो.