पूर्ण व्याज

बँकेत माझ्यापुढच्या आजोबांनी ठेवीची पावती काढली. "हिच्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी ठेवले होते," ते म्हणाले.

"बरं केलंत, मुदतीआधी मोडली नाहीत," काउंटरवरच्या बाई कौतुकानं म्हणाल्या. "व्याज पूर्ण मिळेल."

"हीच म्हणायची, दिवस बरे नाहीत, राहू द्या. चालेन भिंत धरून." मग त्यांनी बायकोच्या मृत्यूचा दाखला काचेखालून सरकवला.

आपण वाईट दिवसांसाठी साठवतो, आणि ते आले की म्हणतो, याहून वाईट येतील. अंगावरची दुखणीसुद्धा पुढे ढकलतो.

माझा नंबर आला. मीही मुदत संपलेली पावती पुढे केली. मोतीबिंदूमुळे अर्जावरची अक्षरं दिसेनात.

"आणखी तीन वर्षं ठेवा," मी म्हणाले, आणि बाईंनी बोट ठेवलं तिथे सही केली.