त्या बाईचं लाटणं

भाऊबीज, मामांचं गाव फोपनार. हजर: फौजेतून निवृत्त झालेले मामा, मामी, आई आणि मी. मामींचं लाटणं मोडलं, म्हणून मी फळीवरचं कापडात गुंडाळलेलं लाटणं काढलं. “ते ठेव!” मामा ओरडले. मग हळू आवाजात म्हणाले, “लढाईत सीमेपलीकडचं एक गाव आम्ही घेतलं होतं. माणसं पळालेली. त्यांच्याच चुलीवर आम्ही रोट्या केल्या. निघताना हे माझ्या सामानात आलं.” मामी म्हणाल्या, “पोळ्या माझ्या हातच्या खाता, अन् लाटणं त्या चुलीच्या मालकिणीचं सांभाळता!” आम्ही हसलो. मामा हसले नाहीत. “परत आल्यावर तिने शोधलं असेल. तू याद्या करतेस ना? गावाचं नाव लिहून घे.” त्या दिवशी पोळ्या बाटलीने लाटल्या. मामा आता नाहीत. दर वर्षी नव्या डायरीत मी पहिलं काम तेच उतरवते: लाटणं पोचवणे.