पळसदरीचा जपानी चहा, दोघांत एक वाटी

पुढच्या महिन्यात संजय पुण्याला वेगळा राहायला जाणार, हे ठरल्यात जमा होतं. भांडण नाही, तिसरं माणूस नाही. लग्नाच्या बावीस वर्षांनंतर "आता नको वाटतं गं" एवढंच कारण. यावर बायकोने काय करायचं असतं? मी चहा बुक केला. जपानला जायचं आमचं लग्नाच्या दहाव्या वर्षापासून राहून गेलेलं. पळसदरीला एक बाई जपानी चहाविधी करतात असं कळलं, आणि त्याला न विचारता दोघांची नावं देऊन टाकली. शेवटचा प्रयत्न म्हणा, मूर्खपणा म्हणा. तो नुसता "बरं" म्हणाला.

कर्जतला उतरून आधी वडापाव खाल्ला. पळसदरीला थांबणारी खोपोलीची गाडी नुकतीच गेली होती, म्हणून रिक्षा केली. तुम्ही जाल तर भाडं आधी ठरवून घ्या.

"धरणावर ना?" रिक्षावाल्याने विचारलं.

"नाही हो, चहा प्यायला."

"चहा? तो तर इथं टेशनवर पन मिळतो!"

संजय खळखळून हसला. कित्येक महिन्यांनी हसला हो! मी लगेच मनात मांडे खायला लागले. खोटं कशाला बोलू?

भात कापून झालेल्या शेताच्या कडेला मेधाताईंची झोपडी आहे. क्योटोत राहून हे सगळं शिकलेल्या, सत्तरीच्या बाई. दार इतकं बुटकं की रांगतच आत शिरावं लागतं. माणशी बाराशे रुपये, गोड पदार्थ त्यातच. सैल कपडे घाला आणि गुडघे दुखत असतील तर आधीच सांगा, पाट देतात.

हातपाय धुताना मदतीला असलेल्या गावातल्या मंजुळाबाईंनी नियम सांगितले. "घट्ट चहा एकाच वाटीत येतो. तुमी तीन घोट प्यायचे, कड कागदानं पुसायची, मंग यांना द्यायची. नवराबायको असलं तरी पुसायची हां! आमाला तर हसूच येतं."

मलाही आलं. आमच्या घरी सकाळी एकच कप चहा होतो. अर्धा बशीत ओतायचा, तो संजयचा. कपात उरेल तो माझा. कोण कधी काय पुसतंय!

आत कोळशावर पाणी उकळण्याचा आवाज तेवढा. मेधाताईंनी वाटी पुसली, चमचा पुसला, हिरवी पूड घातली, आणि इतक्या सावकाश की माझी एरवीची बडबडसुद्धा थांबली. शेजारी संजय मांडी न हलवता बसला होता. वाटलं, जमतंय. वाटी माझ्या हातात आली. चहा गवतासारखा, कडू जहर. तीन घोट घेतले आणि सवयीने वाटी तशीच त्याच्यापुढे धरली. कागद मांडीवर राहिला.

संजयने वाटीची कड पाहिली. मग मेधाताईंकडे वळून अगदी नम्रपणे म्हणाला, "मला वेगळी वाटी मिळेल का?"

मेधाताईंनी दुसरी वाटी घेतली. बाईंनी इतकं निगुतीने केलेलं परत कसं पाठवायचं? दोघांचा चहा मी एकटीने प्यायले. तळ दिसेपर्यंत प्यायले.

बाहेर चपला घालताना मी म्हणाले, "पुसायचं विसरले रे."

"पुसलं असतंस तरी नसतं जमलं गं," तो म्हणाला. आवाजात राग असता तर बरं झालं असतं.

परतीचं काय लिहू? रिक्षा मिळाली, गाडी मिळाली, खिडकीही मिळाली. धरण पाहिलं नाही. तुम्ही जरूर जा, मेधाताईंचा हात फार सुंदर आहे. पण काही सांधायला म्हणून जाऊ नका. मी तिथून अगदी रिकामी परतले.

पंधरा दिवसांनी संजयने सामान बांधलं. स्वयंपाकघरात येऊन म्हणाला, "एक कप नेतो."

बावीस वर्षं हा माणूस बशीतून प्यायला. मी बशी पुढे केली.

"राहू दे," तो म्हणाला. "एकट्याला बशी कशाला लागते?"