बँकेपुरती जबाबदारी

राजुऱ्यात मी बरीच वर्षं बँकेसाठी सर्च रिपोर्ट लिहिले. कर्ज देण्याआधी जमीन खरंच विकणाऱ्याची आहे का, तिच्यावर काही बोजा आहे का, हे जुने दस्त तपासून वकिलाने लिहून द्यायचं. आमच्याकडे ते कसं व्हायचं, सांगतो. शोधाची पावती फाडायची, सातबारा जोडायचा, मागच्या रिपोर्टातली नावं बदलायची आणि सही ठोकायची. सगळेच असं करतात, हे माझं ठरलेलं उत्तर.

सरकारी दवाखान्यातल्या एका नर्सबाईंनी गावाबाहेरच्या प्लॉटसाठी कर्ज मागितलं. म्हातारी आई भाड्याच्या खोलीत होती, तिच्यासाठी घर बांधायचं होतं. मी लिहून दिलं, 'उपलब्ध कागदपत्रांवरून जमीन निर्वेध आहे.'

ती निर्वेध नव्हती. त्या शिवारावर कोळसा खाणीसाठी अधिग्रहणाची सूचना निघाली होती. सातबाऱ्यावर तेवढी चढायची राहिली होती. आणि मला ते माहीत होतं. माझ्या साळ्याचं शेत त्याच शिवारात. सूचना निघाली की मोजणीच्या आत लोक घाईघाईने झाडं लावतात, मोबदला वाढतो म्हणे. त्याला सागाची रोपं लावायला मीच सांगितलं होतं, त्याच महिन्यात.

बाईंची फाइल आली तेव्हा हे आठवलं नाही, असं सांगता आलं तर किती बरं झालं असतं! आठवलं होतं. पण कागदावर नसलेलं लिहून मॅनेजरला नाराज कोण करणार? फाइली दुसऱ्या वकिलाकडे गेल्या असत्या.

बांधकामाची परवानगी अडली, खरं बाहेर आलं. बाई माझ्याविरुद्ध चंद्रपूरला ग्राहक आयोगात गेल्या. मी सरळ हात वर केले. मी बँकेचा वकील, बाईंचा नाही. हप्ते पगारातून वेळेवर कापले जातात, म्हणजे बँकेचं नुकसान नाही, बँकेची तक्रार नाही. शिवाय वकिलाची सेवा ग्राहक कायद्यात बसतच नाही. तक्रार फेटाळली गेली. वकील संघातल्या दोस्तांनी पाठ थोपटली आणि निर्लज्जासारखा मी हसलोही.

बाहेर व्हरांड्यात बाई एकट्याच उभ्या होत्या. मला टाळता आलं नाही.

"रिपोर्टाची फी त माह्याच खात्यातून कापली होती ना, वकीलसाहेब? मंग तुमी माहे वकील काऊन नाई?"

मी कायदा समजावू लागलो. त्यांनी हातानेच थांबवलं.

"कायदा राहू द्या. एकच सांगा. खाणीचं तुमाले माहीत होतं का?"

तिथे ना न्यायाधीश होता, ना टंकलेखक. खरं बोललो असतो तरी माझं काही जाणार नव्हतं.

"नाई," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली. डोळे पुसले.

"मंग मीच उगा तुमच्यावर संशय घेऊन राह्यली होती. माफ करा, भाऊ."

आणि मी त्यांना माफ केलं.