पहिलं बाळंतपण माहेरचं

लेकीचं पहिलं बाळंतपण माहेरी, हा आमच्या वऱ्हाडातला रिवाज, आणि रिवाजापुढे मी कुणाच्या बापाचं ऐकणारी नव्हते. लेक पुण्यात. दवाखाना घरापासून दहा मिनिटांवर, नाव नोंदवलेलं. जावई फोनवर काकुळतीला आला, "आई, इथं सगळी सोय आहे. तुम्हीच या ना." मी फटकन म्हणाले, "काहून? आमच्या इकडे बाया बाळंत होत नाहीत काय?" खरं सांगू? मला सोयीची नाही, लोकांची पडली होती. मायबापानं पोरीला वाऱ्यावर सोडलं, असं गाव म्हणालं असतं. आठव्या महिन्यात मी तिला बडनेरा स्टेशनवर उतरवून घेतलं आणि तिथून लांब, आमच्या गावी आणलं.

नववा लागला तसे तिचे पाय सुजले, मग तोंड. "सुजतेच वं शेवटी शेवटी," मी म्हणाले. एका सकाळी ती म्हणाली, "आई, डोकं लय दुखून राहिलं. डोयासमोर अंधारी येते." एप्रिलचं ऊन. मला वाटलं, ऊन लागलं. तळपायाला कांद्याचा रस चोळला, पन्हं पाजलं. माझी अक्कल तेवढीच! दुपारी तिला झटका आला, अंग ताठ झालं, दातखिळी बसली.

तालुक्याचा दवाखाना नवाकोरा. दारात उद्घाटनाची पाटी, आत एक सिस्टर. तिनं बीपी पाहिलं, इंजेक्शन दिलं आणि तिचं तोंडच उतरलं. "काकू, सिझर करा लागते. इथं बाईडॉक्टरची जागा खालीच हाय, भूल देनारा कोनी नाही. अमरावतीले न्या." ॲम्ब्युलन्स? ती दुसऱ्या एका बाईला घेऊन अमरावतीलाच गेलेली. मी त्या सिस्टरवर वाट्टेल तशी ओरडले. तिचा बिचारीचा काय दोष? पण ओरडायला तिथं दुसरं कुणी नव्हतंच.

शेजाऱ्याच्या गाडीतून दोन तास. तिचं डोकं माझ्या मांडीवर, माझा हात तिच्या पोटावर. आधी बाळ हाताला लागत होतं. मी त्याला म्हणत होते, "थांब रे राजा, आलंच अमरावती." अर्ध्या रस्त्यात हाताला काही लागेनासं झालं. मी हात तिथून काढला नाही.

डॉक्टरांनी लेक वाचवली. बाळ गेलेलं. मुलगी होती, भरल्या दिवसांची, काळ्याभोर जावळाची. जावई पुण्याहून धावत आला, मला एक शब्द बोलला नाही. चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. सगळे डॉक्टर पुण्यामुंबईला आणि आमच्या वाट्याला नुसत्या इमारती. त्यांच्या नावानं मी रोज बोटं मोडते. पण त्या सोयीतून पोरीला उचलून इथं आणलं मीच. हे कुणाला सांगू?

तिसऱ्या दिवशी तिच्या गाऊनला ओल दिसली. दूध उतरलं होतं. शेजारच्या खाटेवरचं लेकरू रडलं की आणखीच यायचं. नर्सबाई सुती कापड देऊन म्हणाली, छातीला घट्ट बांधा, आटून जाईल. मी कापड तिच्याच हातात परत दिलं. "तुम्ही बांधा, बाई. माझ्यानं नाही होत."

लेक इतके दिवस भिंतीकडे तोंड करून होती. ती उठून बसली, हात वर केले आणि म्हणाली, "नाही. आई, तूच बांध."