फरनूशची न घेतलेली रजा

वेस्तेरोस शहरातल्या विजेच्या उपकरणांच्या कारखान्यात फरनूश कियानी दोन गोष्टींसाठी प्रसिद्ध होती. तिने तपासलेला विजेचा फलक, म्हणजे पॅनेल, पुन्हा कुणी तपासत नसे, आणि ती कधीही रजेवर जात नसे. पहिली गोष्ट तिला इराणमधल्या शिराझच्या विद्यापीठाने दिली होती, दुसरी वडिलांनी. वीजखात्यात उभे आयुष्य घालवलेल्या त्या गृहस्थांनी मुलीच्या मनावर एक गोष्ट पक्की बिंबवली होती, की परक्याच्या घरी पाहुण्याने पाय पसरून बसू नये. आणि दोन वर्षांच्या कामाच्या परवान्यावर स्वीडनमध्ये आलेली अभियंता ही, फरनूशच्या मते, पाहुणीच होती.

म्हणून जुलैमध्ये सारे सहकारी सरोवराकाठच्या आपापल्या लाकडी घरांकडे पांगले, की ही चाचणीघरात एकटी यंत्रांपाशी बसलेली असे. व्यवस्थापक तोर्केल तिच्यावर बेहद्द खूश होता. न घेतलेल्या रजेचा मोबदला तो बिनबोभाट पगारात घालून देई. यात काही वावगे आहे, अशी शंका दोघांपैकी एकाच्याही मनाला कधी शिवली नाही.

परवान्याच्या मुदतवाढीचा अर्ज तिने मुदत संपण्याच्या पुष्कळ आधी केला होता. मे महिन्यात परवाना कार्यालयाकडून उत्तराऐवजी एक प्रश्न आला: अर्जदारास कायद्याने देय असलेली वार्षिक रजा का देण्यात आली नाही? परदेशी माणसाचा पगार, विमा आणि रजा इतरांच्या बरोबरीने असलीच पाहिजे, ही परवान्याची अट होती. ती मोडली असे ठरले, तर मुदतवाढ नाही. आणि मुदतवाढ नाही, तर देशात राहणे नाही.

फरनूशने ते पत्र दोनदा वाचले. कामचुकारपणाचा आरोप असता तर तो खोडून काढणे तिला जड गेले नसते. जास्त काम केल्याच्या आरोपाला उत्तर काय द्यायचे, हे तिला कुणी शिकवलेच नव्हते.

तिने योतेबोरीला राहणाऱ्या सियामकला फोन केला. हा तिचा विद्यापीठातला सोबती. परवान्यांच्या बाबतीत तो स्वतःच इतका पोळला होता, की सगळ्या वाटा त्याला तोंडपाठ होत्या. तो सांगत गेला: दुसरी नोकरी धरता येईल, पण परवाना मालकाशी बांधलेला असल्याने अर्ज नव्याने करावा लागेल, आणि मागची त्रुटी तिथेही आड येऊ शकेल. उच्चशिक्षितांसाठीचे युरोपचे निळे कार्ड आहे, पण त्याला लागतो तेवढा पगार तिला नाही. जर्मनीत गुणांच्या हिशेबाने प्रवेश मिळवून नोकरी शोधता येते, पण जर्मन येत नसताना ती मिळणे कठीण. हॉलंडात सरकारमान्य कंपनीनेच बोलावले पाहिजे. "दारं पुष्कळ आहेत गं," तो शेवटी म्हणाला, "पण प्रत्येक दारावर कुत्रा बांधलेला आहे."

दुसऱ्या दिवशी ती गुन्नेलकडे गेली. गुन्नेल कामगार संघटनेची कारखान्यातली प्रतिनिधी; निवृत्तीला आलेली, शब्द मोजून बोलणारी बाई. तिने पत्र वाचले आणि चष्मा काढला.

"तुला कुणी सांगितलं होतं इतकं राबायला?"

"कुणीच नाही. मला वाटलं, चांगलं दिसेल."

"चांगलं दिसतंय ना! तू हौसेनं राबलीस का तोर्केलनं राबवली, हे कागदावरून कळायचं कसं? आमच्या आज्यापणज्यांनी संप करून मिळवलेली रजा ही बाई दोन वर्षं परत करत होती."

मग गुन्नेल तोर्केलच्या खोलीत गेली आणि दार लावून घेतले. ती बाहेर आली तेव्हा ठरले होते ते असे: कंपनीने आपली चूक लेखी मान्य करावी, बुडालेली सगळी रजा फरनूशला सलग द्यावी, आणि ती फरनूशने खरोखर घ्यावी. जूनअखेर गुन्नेलने तिला मोटारीत घातले आणि मेलारेन सरोवराकाठच्या आपल्या घरी नेऊन सोडले.

इतके अवघड काम फरनूशने आयुष्यात केले नव्हते. नवे बटाटे आणि मुरवलेली हेरिंग मासळी पुढे आली, तरी तिचे सारे लक्ष निकालाकडे. जीव टांगणीला लागलेला. तिने पाण्याचा पंप दुरुस्त केला, कुंपण नीट केले. गुन्नेलने तिसऱ्या वस्तूला हात लावायची मनाई केली. भर दुपारी लेक घरी कशी, म्हणून शिराझहून आईने फोनवर विचारले, "काढून टाकलं का गं तुला?" धीर न धरवून तिने परवाना कार्यालयाला फोन लावला, तर तिचे प्रकरण पाहणाऱ्या अधिकारी बाई ऑगस्टपर्यंत रजेवर होत्या. गुन्नेल पोट धरधरून हसली. फरनूशला हसू आले नाही.

आणि ऑगस्टअखेर, रजेच्या शेवटच्या आठवड्यात, तोर्केलचा फोन आला. मोठ्या गिऱ्हाईकाचा फलक चाचणीत नापास होत होता आणि कुणाला काही उमगत नव्हते. "अर्धा दिवस ये," तो काकुळतीने म्हणाला. "हजेरीत नाव घालत नाही. कुणाला कळायचंसुद्धा नाही."

हाच माणूस कंपनीच्या वतीने तिच्या अर्जामागे उभा होता. त्याला दुखवणे म्हणजे बसल्या फांदीवर कुऱ्हाड. आणि ती गेली, तर पुन्हा तीच चूक, या वेळी समजूनउमजून. ओसरीवर सफरचंदे निवडणारी गुन्नेल मान वर न करता ऐकत होती. फलकात काय बिघडले असेल, हे फरनूशला ऐकताक्षणीच उमगले होते. ते ओठांवर आले आणि तिने गिळले.

"तोर्केल, मी रजेवर आहे," ती म्हणाली. "सोमवारी कामावर येणार आहे. सोमवारी बघते."

मग "बरं," एवढेच म्हणून त्याने फोन ठेवला. त्या रात्री तिचा डोळ्याला डोळा लागला नाही.

सोमवारी ती नेहमीपेक्षा लवकर पोहोचली. फलक तसाच उघडा पडला होता. शेजारी तोर्केल उभा होता. तो रागावला नव्हता, निदान तसे दाखवत नव्हता. तिने एक तार सोडवली, दुसरीकडे जोडली, आणि दिवा हिरवा झाला.

परवाना कार्यालयाचा निर्णय त्याच आठवड्यात आला: मालकाने चूक सुधारल्याचे नमूद करून दोन वर्षांची मुदतवाढ. तिने गुन्नेलला दाखवला. गुन्नेलने तो वाचला, घडी घालून परत दिला आणि विचारले, "पुढच्या जुलैत कुठं जाणार आहेस?"

पुढच्या जुलैची काळजी फरनूशला तिथल्या तिथेच लागली.