तोंडवाली जीप

आमच्या कामात एक सोय होती. कार्डं खोक्यात भरून मुंबईला जायची आणि किस्से आमच्याकडेच राहायचे. कार्डांचं पुढे काय झालं ते तिथल्या मोठ्या डॉक्टरांना विचारा. किस्से मात्र माझ्याकडे अजून जसेच्या तसे आहेत. एक काढला की त्याच्या मागून दुसरा येतोच. आता चहा ठेवलाच आहे, तर ऐका!

उस्मानाबाद जिल्हा महाराष्ट्रात येऊन थोडीच वर्षं झाली होती. मी तुळजापूरच्या शाळामास्तरांची मुलगी, नर्सिंग करून नुकतीच लागलेली. डॉक्टर पुण्याचे, अंगानं काडी, बोलणं शुद्ध तूप! जीप चालवायला नळदुर्गचे रसूलभाई. आम्हा तिघांचं काम एकच, गावोगाव जाऊन प्रत्येक मोठ्या माणसाचं तोंड उघडून बघायचं. तंबाखू, चुना, मिश्री यांनी गालाच्या आत पांढरा डाग पडतो. त्यातला कुठला तसाच राहतो आणि कुठल्याचा कॅन्सर होतो, हे डॉक्टरांना शोधायचं होतं. म्हणून आज डागाचं चित्र कार्डावर काढायचं आणि पुढच्या वर्षी तेच तोंड पुन्हा बघायचं.

"सिस्टर, दुखायला लागायच्या आधी आपल्याला दिसलं पाहिजे," डॉक्टर म्हणायचे. सगळी लढाई तिथंच होती. ज्याला काही दुखत नाही, त्याला 'दाखवा' म्हणायचं कोणत्या तोंडानं?

* * *

पहिलंच गाव तामलवाडीकडचं. पारावर एक दणकट म्हातारा बसला होता. डॉक्टर अदबीनं म्हणाले, "आजोबा, जरा तोंड उघडता का?"

म्हातारा भडकला. "आमी काय बाजारात हुबं हाव व्हय? दात बैलाचं बघत्यात!"

डॉक्टर ओशाळले. मग काय सुचलं कोण जाणे, त्यांनी हातातली बॅटरी म्हाताऱ्याला दिली आणि स्वतःच आ केला! म्हाताऱ्यानं त्यांची हनुवटी धरली, तोंड उजेडाकडे फिरवलं, दोन्ही बाजू निरखल्या आणि गावाला निकाल सांगितला, "जुळलेला हाय, दात समदं आल्यात! पर औताला टिकंल आसं वाटत न्हाय."

सगळा पार हसला. डॉक्टर सगळ्यांत जास्त हसले. मग म्हाताऱ्यानं पटका सारखा केला आणि पहिलं तोंड त्यानंच उघडलं. तेव्हापासून प्रत्येक गावात आधी डॉक्टरांचं तोंड, मग गावाचं. एवढा शिकलेला माणूस पारावर आ करून बसायचा, आणि मला त्याचा इतका अभिमान वाटायचा की काय सांगू!

* * *

बायकांचं प्रकरण आणखी अवघड. सासऱ्यासमोर सुनेनं तोंड वर करायचं नाही, तिथं परक्या पुरुषासमोर ते उघडायचं कुठलं? मी माजघरात बसून घसा कोरडा करायची. शेवटी बायकांनीच तोडगा काढला. पदर नाकापर्यंत खाली ओढायचा, तोंड तेवढं मोकळं. डॉक्टरांनी घरोघरच्या सुनांची तोंडं बघितली, पण चेहरा एकीचाही नाही!

पुढे तुळजापूरच्या जत्रेत एक बाई समोर उभी राहिली. "डाक्टर, वळखलं का?"

डॉक्टर गोंधळले. माझ्याकडे बघितलं, मी खांदे उडवले. मग ते हळूच म्हणाले, "बाई, जरा आ करता?"

तिनं तिथंच, पेढ्यांच्या दुकानासमोर, आ केला.

"अरे, तुम्ही होय! उजवा गाल, चिंचोक्याएवढा डाग. निम्मा झाला की! मिश्री सोडलीत?"

"व्हय, सोडली," बाई म्हणाली आणि शेजारणीला कोपरखळी मारली. "बग! म्हनलं न्हवतं, डाक्टर वळखत्यात मला?"

* * *

एका गावच्या पाटलांना वाटलं, डाग निघाले तर गावाची बेअब्रू होईल. त्यांनी एक निर्व्यसनी तरणाबांड गडी हेरला आणि त्यालाच वेगवेगळ्या नावांनी रांगेत सोडलं. एकदा टोपी घालून, एकदा पटका बांधून, एकदा खांद्यावर घोंगडं घेऊन.

तिसऱ्या वेळी डॉक्टरांनी बॅटरी विझवली. "पाटील, पटका बदललात, घोंगडं दिलंत. आता तेवढी किडकी दाढ बदला!"

पाटील लाल झाले. मग मुकाट्यानं कोपऱ्यात जाऊन गालातली तंबाखू थुंकून आले आणि रांगेच्या टोकाला उभे राहिले. त्यांच्यामागे उरलेलं गाव आलं.

* * *

तेरखेड्याला शोभेच्या दारूचं काम चालतं. तिथं आम्हाला बिडी ओढणारे कमी आणि तंबाखू खाणारे जास्त भेटले. डॉक्टरांनी एका कारागिराला बसवून तंबाखूचे तोटे समजावून सांगितले. त्यानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"डाक्टर, हितं बिडी पेटवली तर आत्ताच उडतो. तंबाखू खाल्ली तर तुमच्याच बोलन्यावरनं काही वर्सं तरी हायत का न्हाय?"

डॉक्टरांच्या आधी रसूलभाईच बोलले. "मियाँ, तो हर साल बॉनेट खोलके दिखाओ. इंजन देखेंगे, फिर बॉनेट बंद करेंगे!"

तो कारागीर दर वर्षी आला. जीप दिसली की लांबूनच ओरडायचा, "बॉनेट तपासा वो!"

* * *

एकदा वरून एक साहेब पाहणीला आले. कार्डं चाळली आणि नाक मुरडलं. "एवढी तोंडं बघितलीत आणि कॅन्सर एवढेच?"

डॉक्टर सभ्य माणूस, विस्कटलेली कार्डं नीट लावायला लागले. मला कुठलं राहवतंय! म्हटलं, "साहेब, राखणदाराला चोर किती धरले ते विचारत नाहीत. पीक घरी आलं का ते विचारतात."

साहेबांनी चहा अर्धा टाकला. संध्याकाळी डॉक्टर मला रागावले, पण हसू त्यांना आवरत नव्हतं.

* * *

आता सटवाजींचं सांगते.

तेरखेड्याच्या पुढच्या एका गावात ते दवंडी द्यायचे. हलगी वाजवून एकदा आवाज टाकला की ओढ्यापलीकडच्या मळ्यातला माणूस हातातलं टाकून यायचा. घर त्या आवाजावर चालायचं. पहिल्या वर्षी आमचीही दवंडी त्यांनीच दिली आणि गाव संपल्यावर सगळ्यांत शेवटी स्वतः आ करून बसले.

जिभेच्या कडेला ज्वारीच्या दाण्याएवढी जखम होती.

"दुखतं?"

"छ्या! कायबी न्हाय."

डॉक्टरांनी बारीक तुकडा काढून बाटलीतून मुंबईला पाठवला. उत्तर आलं, कॅन्सर आहे, पण अगदी सुरुवातीचा. आम्ही तसेच गावाला गेलो.

"आत्ता कडेचा थोडा भाग जाईल," डॉक्टर म्हणाले. "थांबलात तर जीभ जाईल, आणि मग तुम्हीही."

सटवाजींनी हलगीवरून हात फिरवला. "डाक्टर, लोकांस्नी शेत आसतंय, मला ही जीभ हाय. ती कापली तर म्या काय हातवारे करून दवंडी देऊ? बोलता यील का, तेवढं सांगा."

"आवाज राहील. शब्द बदलतील. किती, ते मला सांगता येत नाही."

मला डॉक्टरांचा राग आला. थोडं खोटं बोलले असते तर काय बिघडलं असतं? आता कसला हा माणूस येतोय!

सटवाजी उठले. "ठावं न्हाय ते ठावं न्हाय म्हनतासा. मंजी बाकीचं खरं बोलतासा. मग येतो."

रसूलभाईंनी त्यांना सोलापूरला दवाखान्यात पोचवलं. पुढे पत्र आलं, ऑपरेशन नीट झालं, जखम भरली. बोलता येतं का, ते पत्रात नव्हतं. डॉक्टरांनी ते कुणाला विचारलं नाही, आणि मीही नाही. आमची दोघांचीही छाती झाली नाही.

वर्षानं त्या गावाची फेरी आली. ओढ्याला पाणी होतं, म्हणून जीप अलीकडेच थांबवली. रसूलभाईंनी इंजिन बंद केलं आणि पलीकडून हलगी ऐकू आली. मग तो आवाज आला. होता तेवढाच मोठा, पण शब्द जाड झालेले, काही तर अर्धेच.

"ऐका हो ऐका! तोंडवालं डाक्टर आल्यात!"

मी रडत होते, ते लपवायचं भानही राहिलं नाही. तेवढ्यात गावातून कुणीतरी ओरडलं, "सटवाजी, काय म्हंता कळंना!"

हलगी थांबली. डॉक्टर जीपचा दांडा घट्ट धरून उभे होते.

मग हलगी अशी कडाडली की झाडावरची पाखरं उठली.

"ज्याला कळंना, त्यानं म्होरं यावं होऽऽ! आन् आलाच हाय, तर आधी आ करावा होऽऽ!"